दोन पाळ्यांमधली वीस मिनिटं

राज्यातल्या डायलिसिस केंद्रांचे संचालक, विश्वस्त आणि तिथे येणारे किडनीतज्ज्ञ यांस,



मी डॉक्टर नाही. बँकेत कॅशियर होतो, एकतीस वर्षं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना किडन्या गेल्या आणि तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवारची दुसरी पाळी माझ्या नावावर आहे. सहा वर्षं झाली. हिशेब करायची खोड आहे म्हणून सांगतो, नऊशेच्या वर वेळा मी मशीनला लागलो आहे. इतक्या वेळा मी देवळातही गेलो नसेन.

डायलिसिस म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. पण ते पलंगावरून कसं दिसतं, हे तुमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. डाव्या हातात दोन जाड सुया, तो हात हलवायचा नाही. पहिला तास पेपरात जातो. मधे कधी डोळा लागतो, कधी पायात गोळे येतात. उरलेला सगळा वेळ माणूस बघत असतो. कॅशच्या खिडकीत बसून माझी एक सवय पक्की झालेली आहे: समोरच्याच्या तोंडाकडे कमी बघायचं, हातांकडे जास्त. हे पत्र त्या हातांबद्दल आहे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये माझा हेपॅटायटिस सीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. त्याआधीचे सगळे निगेटिव्ह रिपोर्ट तारीखवार फायलीत लावलेले आहेत. मला काहीच होत नव्हतं. डोळे पिवळे नव्हते, भूक नेहमीइतकीच होती, यकृताची एसजीपीटी चाचणीसुद्धा नॉर्मल. नंतर कळलं की डायलिसिसच्या रुग्णाचं एसजीपीटी मुळातच खालच्या अंगाला असतं, त्यामुळे त्यावर विसंबून निर्धास्त राहता येत नाही. गावात मात्र बातमी ‘कावीळ झाली’ अशी फिरली. शेजारच्या काकूंनी उसाचा रस पाठवला, तांब्याभर. एका मेव्हण्याने कावीळ उतरवून देणाऱ्याचा पत्ता आणला. ज्याने दिवसाकाठी लिटरभर पाण्यात भागवायचं, ज्याला पोटॅशियमपायी नारळपाणीही वर्ज्य, त्याने त्या तांब्याचं काय करावं? बायकोने तो रस काकूंच्याच नातवंडांना पाजला.

केंद्रात विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, “काका, बाहेरून आलं असेल. दाढी कुठे करता? दात काढला होता का?” दाढी मी घरी करतो. दात माझे सगळे जागेवर आहेत. रक्त चढवलं नव्हतं, ऑपरेशन झालं नव्हतं. त्या वर्षात माझं रक्त शरीराबाहेर निघालं ते एकाच खोलीत, आठवड्यातून तीनदा. पुढच्या सहा महिन्यांत आमच्याच पाळीतले आणखी दोघे पॉझिटिव्ह निघाले. एकाचा पलंग माझ्या उजवीकडे, दुसऱ्याचा डावीकडे. केंद्राचं नाव मी लिहीत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटल्यासारखे वागतात.

आमच्या मनात एक समजूत घट्ट बसलेली असते, की हा रोग मशीनमधून येतो. वास्तविक माझं रक्त आणि मशीनमधलं पाणी यांच्यामध्ये डायलायझरचा पडदा असतो आणि धड असलेल्या पडद्यातून हे विषाणू पार होत नाहीत. ते फिरतात मशीनच्या बाहेरून. बटणांवरून, बीपीच्या पट्ट्यावरून, चिकटपट्टीच्या रोलवरून, क्लॅम्पवरून, आणि सगळ्यात जास्त हातमोज्यांवरून. हेपॅटायटिस बीचा विषाणू सुकलेल्या रक्तात निदान सात दिवस तग धरतो, आणि तो डाग डोळ्यांना दिसेलच असं नाही.

एका शनिवारचं सांगतो. दुपारचे पावणेदोन. टेक्निशियन पाच नंबरच्या आजींच्या सुया काढत होता. सात नंबरच्या मशीनचा अलार्म वाजला. त्याने आजींच्या सुनेला गॉझ दाबून धरायला सांगितलं आणि त्याच हातमोज्यांनी जाऊन सातचं बटण दाबलं. तिथून ट्रॉलीपाशी. हेपॅरिनची बाटली उचलली, बुचात सुई घातली, हवं तेवढं ओढून घेतलं, बाटली परत ट्रेमध्ये ठेवली. मग तो आठ नंबरकडे आला. आठ नंबर म्हणजे मी. सगळं मिळून मिनिटभर लागलं असेल. ती पाच मिलीची बाटली त्या दुपारी निदान सहा जणांना पुरली.

मुलगा वाईट नाही. माझा फिस्टुला त्याच्याइतक्या हलक्या हाताने कोणी टोचत नाही, आणि रात्रीबेरात्री फोन केला तर उचलतो. मी त्याला नंतर हळूच विचारलं. म्हणाला, “काका, दरवेळी ग्लोव्हज बदलले तर दुपारीच पेटी संपते, आणि मग स्टोअरवाले विचारतात, एवढे गेले कुठे?” त्याच्याकडे त्या वेळी सहा मशीन होती. रजेवर गेलेल्याची दोन धरून.

म्हणून हे पत्र त्याला लिहिलेलं नाही, तुम्हाला लिहिलं आहे. काही बिघडलं की तुमच्याकडे पहिली नोटीस टेक्निशियनला निघते, दुसरी सिस्टरला. पेटी मोजून देणाऱ्याला नोटीस निघाल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

माझं पहिलं मागणं अगदी साधं आहे. हातमोज्यांचा हिशेब ठेवायचाच असेल तर उलटा ठेवा. एका पाळीत इतके रुग्ण, म्हणजे इतके जोड लागायलाच हवेत. कमी लागले तर विचारा की का कमी लागले. आणि मोजे काढल्यावर हात धुवायला बेसिन जवळ हवं, त्याला पाणी हवं, साबण हवा. आमच्या केंद्रात बेसिन आहे. त्यावर सलाइनचे खोके रचलेले आहेत.

दुसरं, ती ट्रॉली. इंजेक्शनं भरायची जागा मशीनपासून लांब, स्वच्छ, वेगळी असावी. तिथे एकेकाचं औषध भरून एकेकाकडे न्यावं. एकाच्या पलंगापाशी गेलेली वस्तू, मग ती न उघडलेली सिरिंज का असेना, दुसऱ्यासाठी परत येऊ नये. बाटल्यांची ट्रॉली पलंगापलंगाशी फिरवणं बंद करा. यात मी नवीन काही सांगत नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने हे नियम २००१ सालीच लिहून ठेवले आहेत आणि तुमच्या केंद्रातल्या भिंतीवरच्या तक्त्यातही त्यातलं बरंचसं आहे. तो तक्ता फ्रिजच्या मागे आहे, एवढंच.

आता वेळेबद्दल. मी दोन महिने भिंतीवरच्या घड्याळावर मोजलं. पहिल्या पाळीचा माणूस उठल्यापासून दुसऱ्या पाळीच्या माणसाला सुई टोचेपर्यंत सरासरी वीस मिनिटं. त्यात कचरा उचलायचा, चादर बदलायची, नव्या नळ्या चढवायच्या, प्रायमिंग करायचं, माणसाचं वजन घ्यायचं, बीपी बघायचं. मशीन पुसायला उरतं ते मिनिट-दीड मिनिट. मावशी एकच फडका घेऊन चार मशीन पुसतात. हायपोक्लोराइट लावलं की ते थोडा वेळ ओलं राहावं लागतं, तेव्हा कुठे काम करतं. इथे ते लागतं न लागतं तोच नव्या माणसाची पिशवी त्यावर टेकलेली असते. कधीकधी तर आधीचा माणूस चक्कर येते म्हणून पलंगावरच असतो आणि पुढच्याच्या नळ्या चढायला लागतात. दाबाच्या नळीच्या टोकाला एक छोटी पांढरी चकती असते, तुम्ही तिला ट्रान्सड्यूसर प्रोटेक्टर म्हणता. ती दर रुग्णाला नवी लागते आणि रक्ताने ओली झाली तर ताबडतोब बदलून मागचा भागही तपासावा लागतो. घाईत हे कोण बघणार? मी बघतो, पण माझा हात बांधलेला असतो.

चार पाळ्या बसवायच्या म्हणून वीस मिनिटं. तीन पाळ्या केल्या तर मधे पाऊण तास सहज मिळतो. तुमचं उत्पन्न पाळ्यांवर आहे हे मला कळतं, आयुष्य बँकेत गेलं आहे. पण पाळी वाढवण्याचा निर्णय वरच्या मजल्यावर होतो आणि त्याची किंमत खाली पलंगावर वसूल होते, हे निदान एकदा मान्य करा.

“असं होतच असतं, डायलिसिस म्हटलं की कावीळ आलीच,” असं एका अनुभवी डॉक्टरांनी मला प्रेमाने समजावलं. त्यांना मी इतिहास सांगू इच्छितो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या डायलिसिस विभागांत हेपॅटायटिस बीची लागण पसरली. एडिनबरामध्ये तर रुग्णांबरोबर तिथले कर्मचारीही दगावले. त्यावर रोझेनहाइम समिती बसली, १९७२ मध्ये तिचा अहवाल आला. रक्ततपासणी, बाधितांना वेगळं ठेवणं, हातांची शिस्त. अमेरिकेत १९७४ साली दर शंभर डायलिसिस रुग्णांमागे वर्षाला सहा जणांना नव्याने हेपॅटायटिस बी होत होता. १९८० पर्यंत हे प्रमाण एकावर आलं. तिकडे लसीला परवानगी मिळाली १९८१ च्या अखेरीस. म्हणजे लस नव्हती तेव्हा नुसत्या शिस्तीने सहाचा एक झाला. आणि सीवर तर आजही लस नाही; तिथे हातांशिवाय दुसरा आधारच नाही.

लसीचा विषय निघालाच आहे तर किडनीतज्ज्ञांना दोन शब्द. आमच्या पिढीला लहानपणी बीची लस मिळालेली नाही. आपल्या देशात ती बाळांच्या सरकारी लसीकरणात काही भागांत २००२ पासून आणि सगळीकडे २०११ च्या सुमारास आली. आज तुमच्यासमोर बसलेला पन्नाशीचा, साठीचा रुग्ण बहुतेक कोराच असतो. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेकने देशी लस काढल्यापासून किमतीची सबबही उरलेली नाही. माझं क्रिएटिनिन चार होतं तेव्हापासून मी एका तज्ज्ञांकडे जात होतो. दीड वर्ष. मीठ कमी करा, डाळ कमी करा, सगळं सांगितलं. लसीचं नाव निघालं नाही. किडनी जितकी बिघडत जाते तितकी लस कमी लागू पडते. मग ती वेळेवर द्यायची की मशीनला लागल्यावर?

मशीनला लागल्यावर मला लस मिळाली, पण साधी, तीन डोसांची. डायलिसिसच्या माणसाला प्रौढांच्या नेहमीच्या डोसाच्या दुप्पट, म्हणजे चाळीस मायक्रोग्रॅम लागते आणि डोस चार: आज, महिन्याने, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. मग महिना-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तातलं अँटिबॉडीचं प्रमाण, तपासायचं आणि पुढे दरवर्षी. दहाच्या खाली असेल तर संरक्षण नाही, पुन्हा टोचायचं. हे मला कोणी सांगितलं नाही. मी स्वतःच्या पैशांनी टायटर केलं, ते चार निघालं. तोवर तीन वर्षं मी ‘लस झालेली आहे’ या रकान्यात होतो.

तुमच्या कर्मचाऱ्यांचंही विचारा एकदा. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार त्यांना हेपॅटायटिस बीची लस देणं तुमच्यावर बंधनकारक आहे. आमच्या मावशी रोज सुया उचलतात. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, “कसली लस, करोनाची का?”

आता मला सर्वांत जास्त टोचतं ते. पॉझिटिव्ह आल्यावर मला कोपऱ्यातल्या मशीनवर टाकलं. मशीनवर लाल पट्टी, फायलीवर लाल शाईत ‘सी’, माझा नंबर शेवटी. हेपॅटायटिस बीच्या रुग्णाला वेगळी खोली, वेगळं मशीन, वेगळे कर्मचारी लागतात, याबद्दल दुमत नाही, आणि ती व्यवस्था मात्र अनेक ठिकाणी एका पडद्यावर भागवलेली दिसते. सीसाठी वेगळं मशीन लागतं असं ना अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र म्हणतं, ना केडिगो ही किडनीतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था. त्यांचं म्हणणं, सगळ्यांसाठी सगळी काळजी काटेकोर घ्या. तुम्हाला वेगळं मशीन ठेवावंसं वाटतं, ठेवा. पण कोपऱ्यातल्या मशीनवरून मला सोडणारे हातमोजे जर तसेच पलीकडे जात असतील, तर ती लाल पट्टी कोणाला वाचवते? ती तेवढी केंद्राला समाधान देते, की आपण काहीतरी केलं.

आणि पट्टी निघत नाही. राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ च्या जुलैत सुरू झाला, त्यात सीची तपासणी आणि औषधं फुकट मिळतात. मला ही माहिती केंद्राने दिली नाही, शेजारच्या पलंगावरच्या रिक्षावाल्याने दिली. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात गेलो, बारा आठवडे गोळ्या घेतल्या, संपल्यावर तीन महिन्यांनी आरएनए तपासणी केली. विषाणू नाही. शंभरातल्या पंचाण्णवांच्या आसपास लोक असे बरे होतात. रिपोर्ट घेऊन पेढे वाटत केंद्रात आलो. सिस्टर म्हणाल्या, “पण काका, तुमची अँटिबॉडी पॉझिटिव्हच आहे ना.” अँटिबॉडी बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं, बहुधा जन्मभर राहते. ती तपासून कोण आजारी आहे हे कळत नाही, कोणाला कधीतरी झालं होतं एवढंच कळतं. उलट, नुकतीच लागण झालेल्याच्या रक्तात अँटिबॉडी दिसायला दोन-अडीच महिने लागतात, आमच्यासारख्यांच्या दुबळ्या प्रतिकारशक्तीत त्याहूनही जास्त. म्हणजे बरा झालेला मी कोपऱ्यात, आणि खरा बाधित कदाचित आजही खिडकीजवळच्या चांगल्या पलंगावर. मी अजून कोपऱ्यातच आहे. एकदा होऊन गेलं म्हणजे पुन्हा होत नाही असंही नाही, त्यामुळे हात तसेच राहिले तर माझे बारा आठवडे वाया जाणार.

डायलायझर पुन्हा वापरता त्याबद्दल फार लिहीत नाही. पैशांअभावी ते करावं लागतं हे आम्हालाही कळतं. फक्त चढवण्याआधी त्यावरचं नाव आम्हाला मोठ्याने वाचून दाखवा आणि बीच्या रुग्णाचा डायलायझर कधीही पुन्हा वापरू नका.

माझं शेवटचं मागणं कॅशियरचं आहे. बँकेत संध्याकाळी दहा रुपये कमी आले तरी कोणी घरी जात नसे. व्हाउचरं पुन्हा उघडायची, बंडलं पुन्हा मोजायची. दहा रुपये मिळत, कुठल्यातरी पाकिटाला चिकटलेले असत. तुमच्याकडे निगेटिव्ह आलेला माणूस पॉझिटिव्ह झाला, तर त्या दिवशी काय थांबतं? त्या पाळीत त्याच्याशेजारी कोण होतं, कोणाच्या हाताखाली होता, कोणती बाटली उघडलेली होती, हे कोणी बसून लिहून काढतं का? बाकीच्यांना सांगितलं जातं का, की तुमचीही आरएनए तपासणी करून घेऊ? आमच्याकडे मला आणि त्या दोघांना एकमेकांकडूनच कळलं.

प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून आहे, आपल्या राज्यात महात्मा फुले योजना आहे. गरिबाला मशीन मिळालं याचं श्रेय त्यांना आहे, मी त्यांचाच लाभार्थी आहे. पण पैसे सायकली, म्हणजे डायलिसिसच्या खेपा, मोजून मिळतात. किती सायकली झाल्या याचा आकडा दर महिन्याला वर जातो. त्याच कागदावर आणखी एक रकाना घाला: या महिन्यात निगेटिव्हचे पॉझिटिव्ह किती झाले. आणि करार पुढे चालू ठेवताना तो रकाना आधी वाचा.

गेल्या २८ जुलैला, जागतिक हेपॅटायटिस दिनी, केंद्राच्या दारात सिस्टरांनी लिव्हरची रांगोळी काढली होती. सुंदर होती, पित्ताशयसुद्धा हिरव्या रंगात दाखवलं होतं. हेपॅटायटिस बीचा शोध लावणाऱ्या ब्लुमबर्गांचा तो वाढदिवस. विश्वस्त आले, भाषण झालं, फोटो निघाला. त्या कार्यक्रमासाठी दुसरी पाळी चाळीस मिनिटं उशिरा सुरू झाली. म्हणजे दोन पाळ्यांमध्ये आणखी चाळीस मिनिटं मिळू शकतात.

पत्राला लेखी उत्तर नको. दरपत्रकाच्या फलकावर खाली एक ओळ वाढवा, ‘या वर्षी नव्याने बाधित झालेले रुग्ण’, आणि पुढे खरा आकडा लिहा. अक्षर जरा मोठं काढा. कोपऱ्यातून फलक लांब पडतो.



आपला,
मंगळवार-गुरुवार-शनिवार, दुसऱ्या पाळीचा एक रुग्ण